चढावरचा दम

“आबा, चढावर हिचा दम तुटतो.”

शेषाचा हा आवाज उत्तमरावांनी ऐकला त्याला पुष्कळ वर्षं झाली. कॉलेजचं शेवटचं साल होतं त्याचं. कळमनुरीकडचा चढ चढता चढता गाडी मधेच थांबली. शेषानं बॉनेट उघडलं, उसळलेल्या वाफेच्या पलीकडून हसत तो हे बोलला, आणि मग बापलेकांनी गाडी ढकलत माथ्यावर नेली. पुढं शेषा भिलाईच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. तिकडंच लग्न, तिकडंच लेकरं. गाडी गोठ्याच्या अंगाला कडब्याखाली पडून राहिली. बायको नर्मदाबाई होत्या तोवर घरात बोलायला माणूस होतं. त्या गेल्या आणि घरातले सगळे आवाज त्यांच्यामागं निघून गेले. उरला तो एवढाच, वाफेच्या पलीकडचा.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात उत्तमरावांनी कडबा बाजूला सारला, गाडीला बैल जुंपले आणि ती ओढत आखाडा बाळापूरला जळबा मिस्त्रीच्या शेडात आणली.

गाडी दोनच माणसांची. विलायती. लांब नाक, उघडं डोकं, तारांची चाकं. हैदराबादच्या एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी ती हौसेनं घेतली होती. बाजाराला आलेली माणसं भोवती जमली.

“बैल जुंपलेच हायत तर राहू द्या मालक,” एक जण म्हणाला. “पेट्रोल महाग झालंय. कडबा सोताच्या शेतातला.”

माणसं हसली. उत्तमरावही हसले, पण बैल सोडताना त्यांचा हात गाडीच्या नाकावरून फिरला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरावा तसा.

जळबा मिस्त्री सिकंदराबादच्या लष्करी वर्कशॉपात शिकून आलेला. कालव्याकाठची पाण्याची इंजिनं आणि जुन्या जीपगाड्या, हे त्याचं रोजचं काम. त्यानं बॉनेट उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं.

“चालू करायची का?”

“नुसती चालू न्हाई. चढावर दम धरला पाहिजे. पहिलं व्हती त्याच्याहून जोरकस पाहिजे.”

“चालवणार कोण?”

“शेषा येणार हाय.”

“कवा?”

उत्तमरावांनी चाकाच्या तारेवरची माती बोटानं पुसली. “गाडी झाली की.”

जळबानं तीन बल्ल्या उभ्या करून साखळीनं इंजिन वर उचललं. ते हवेत हळूहळू फिरत राहिलं. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटले होते. त्यांच्यावर तेल ओतून तो वाट बघत बसला, आणि ते सुटले तेव्हा सिलिंडर आतून खरवडल्यासारखे निघाले. मग नांदेडला नेऊन सिलिंडर मोठे करून आणले, त्यात जाड पिस्टन घातले. म्हणजे इंजिनाची छातीच रुंद झाली.

उत्तमराव रोज यायचे. जुन्या टायरवर बसायचे. पहिल्या दिवसांत त्यांचा चहा समोरच्या हॉटेलातून यायचा. पुढं एकदा ऊन तापलं, तहान लागली, तेव्हा त्यांनी उठून जळबाच्या माठातलं पाणी त्याच्याच गडव्यानं घेतलं. बौद्धवाड्यातल्या मिस्त्रीच्या माठाला मालकांनी हात लावला, हे त्यांच्या गावात कुणी बघितलं असतं तर चार दिवस चर्चा झाली असती. पण बघायला कुणी नव्हतं. दोघंच होते. जळबानं मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी माठ नवा होता.

जळबाची बायको सोजराबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेली होती आणि नातवात रमली होती. त्यामुळे टायरवर कुणी बसलेलं असलं की जळबाला बरं वाटायचं. व्हॉल्व्ह घासताना तो त्याला लावलेली काडी एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवायचा, आणि त्या घरघरीत त्याच्या आईचं, जनकाबाईचं, जातं जागं व्हायचं. मग तो तिचीच ओवी तोंडातल्या तोंडात म्हणायचा:

*दळता दळता बाई, पीठ पांढरं सांडलं*
*लेकराच्या वाटंवर, डोळं उंबऱ्यात मांडलं*

“पुढं काय हाय?” उत्तमराव विचारायचे.

“पुढचं ती मनातच म्हणायची.”

महिन्यातून एकदा उत्तमराव हिंगोलीला जाऊन पोस्टातून भिलाईला ट्रंककॉल लावायचे. एकदा जळबाला पिस्टनच्या रिंगा घ्यायच्या होत्या म्हणून तोही बरोबर गेला. फोन लागेपर्यंत दुपार कलली. उत्तमरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“शेषा, सिलिंडर मोठं केलं बरं का.” उत्तमराव सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलत होते. “आता हेड घासून घेणार हाय. दाब वाढतो.”

“बरं आबा. तब्येत कशी हाय?”

“बरी हाय. तुमी सगळे?”

“बरे हाव.”

मग नुसता खरखराट. वाऱ्यानं ज्वारीचं रान हलावं तसा. कुणीच बोलेना, आणि वेळ संपली.

परतताना एस.टी.त जळबा म्हणाला, “मालक, त्याला ये म्हणला न्हाई तुमी.”

“कामाचा माणूस हाय तो. बोलावल्यावर आला तर काय आला? आपून होऊन यावं.”

“आन् न्हाईच आला तर?”

“काहून येणार न्हाई? गाडी बघायला येईल की. तिच्या इंजिनाचं सगळं इचारतो तो.”

शेषानं गाडीचं काही विचारलं नव्हतं. फोनला खेटून उभ्या जळबानं सगळं ऐकलं होतं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

हेड घासून झालं. गाडी धडधडत चालू झाली. जळबाला वाटलं, झालं काम. पण उत्तमराव म्हणाले, “अजून जोर वाढत असंल तर बघ.” मग हैदराबादच्या भंगारातून दुसरा कार्बोरेटर आला. एकाच्या जागी दोन नाकपुड्यांनी इंजिन श्वास घेऊ लागलं. तेही झालं. मग सायलेन्सरची नळी मोठी केली. प्रत्येक वेळी उत्तमरावांना काहीतरी सापडायचं. प्रत्येक वेळी फोनवर सांगायला एक गोष्ट व्हायची. जळबाला हे कळत होतं, आणि त्यालाही घाई नव्हती.

शेवटी उन्हाळा तोंडावर आला तसं करण्यासारखं काही उरलं नाही.

“आता हिला चढच दाखवायचा,” जळबा म्हणाला.

दोघं सकाळी निघाले. सपाटीला गाडी अशी गेली की रस्त्यावरची म्हातारी माणसं रुमाल सावरत वळून बघू लागली. चढ सुरू झाला आणि मधेच इंजिन आतून ठोकायला लागलं. कुणी बंद दारावर मुठी माराव्यात तसं. वेग गेला, दम तुटला, गाडी उभी राहिली.

“बघ,” उत्तमराव म्हणाले. “अजून काम बाकी हाय.” त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती.

जळबानं टायमिंग बदललं. प्लग साफ केले. पॉइंट घासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या संध्याकाळी उत्तमरावांनी हिंगोली गाठली आणि शेषाला सांगितलं, इंजिन ठोकून राहिलं, कारण सापडत न्हाई, अजून बरेच दिवस लागतील. परत आले ते हलक्या पावलानं.

जळबाचं मन मात्र लागेना. सगळे नट त्याच्या हातचे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टाकीखालची नळी सोडली, थोडं पेट्रोल तळहातावर घेतलं आणि नाकाशी नेलं. हात तसाच ठेवून तो उभा राहिला. मग घरून दिव्याची चिमणी आणून वास ताडून बघितला. तोच वास होता.

उत्तमराव येऊन टायरवर बसले. जळबा त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“मालक, टाकीत राकेल हाय.”

उत्तमरावांनी टायरवरची धूळ झटकली.

“आपल्या शेतातली इंजिनं पेट्रोलवर उठतात आन् मग राकेलवर चालतात. हात सवयीनं जातो. इथला कुणीबी चुकंल. हिचा दाब वाढवलाय ना आपून, हिला राकेल सोसत न्हाई. म्हणून ठोकते. चुकून पडलं असंल, मालक.”

त्यानं चूक ताटात वाढून पुढं केली होती. उत्तमरावांनी नुसतं व्हय म्हणायचं होतं.

समोरच्या रस्त्यावरून सरकीची बैलगाडी गेली. तिची घुंगरं दूर जाईपर्यंत उत्तमराव थांबले.

“चुकून न्हाई पडलं,” ते म्हणाले. “मी टाकलं. दोन्ही डाव.”

“काहून?”

“गाडी झाली तर त्याला फोनवर काय सांगू?”

जळबा उठला. त्यानं टाकी पूर्ण रिकामी केली, नळ्या धुतल्या, कार्बोरेटर खोलून पुसले, निखळ पेट्रोल भरलं. सगळं होईपर्यंत उत्तमराव तिथंच बसून होते. मग जळबानं दार उघडून धरलं.

“चला. तुमीच चालवा.”

चढ आला. उत्तमरावांनी नकळत श्वास रोखला. इंजिनाचा सूर जराही ढळला नाही. भरल्या मोटेसारखी गाडी संथ, जड, न थांबता वर गेली आणि माथ्यावर आली. खाली पळसानं लाल झालेलं रान होतं. उत्तमरावांनी गाडी बंद केली. इंजिनाचं गरम लोखंड टिकटिक करत निवत गेलं, आणि मग तेही गप्प झालं. ढकलायला काही उरलं नव्हतं.

जळबा म्हणाला, “माझ्या आईनं पुढची ओवी कवाच मोठ्यानं म्हटली न्हाई. मी सिकंदराबादला असताना ती गेली. तिच्या मनात काय व्हतं ते मला अजूनबी ठाऊक न्हाई, मालक.”

उत्तमरावांनी त्याच्याकडं बघितलं. मग चावी फिरवली. गाडी बाळापूरकडं वळवली नाही. सरळ हिंगोलीकडं नेली.

पोस्टात गर्दी होती. फोन लागायला नेहमीसारखाच उशीर झाला. जळबा दाराशी उभा राहिला.

“शेषा,” उत्तमराव म्हणाले, “गाडी झाली. चढ चढली.”

“अरे वा. छान झालं आबा. तब्येत?”

“बरी…”

तारेत तोच खरखराट सुरू झाला. फोनवाल्या पोरीनं वेळ संपत आल्याचं मधेच सांगितलं. उत्तमरावांनी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. या खेपेला त्यांनी आवाज चढवला नाही.

“बरी न्हाई, शेषा. घरात मी एकटा हाव. मला करमत न्हाई. तू ये.”