पऱ्यांची भाषा शिकलेली राक्षसीण

मित्रांनो, मी एक जुनी राक्षसीण आहे. दचकू नका, आणि आधी नीट बसा. पोक काढून ऐकलेली गोष्ट डोक्यात शिरत नाही. तुम्ही संगणकावर ज्या खेळांत तलवारी परजत हिंडता, त्यांतल्याच एका खेळातली मी. अंग निळे, हातात सोटा, खालचे दोन सुळे ओठांबाहेर. माझ्या रूपाचा मला अभिमान आहे.

माझा जन्म चष्म्यांच्या एका दुकानात झाला. पुढे काउंटर, मागे भिंगे घासण्याची यंत्रे, त्यांवर सतत पडणारी पाण्याची बारीक धार. दुकानाची मालकीण म्हणजे आजी. तिची नात भिंगरी पूर्वी काउंटरखाली बसून दिवसभर बडबडत असे. मग तिच्या वडिलांची बदली झाली, घर दूर गेले, आणि भिंगरी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यांपलीकडे बोलेनाशी झाली. पोर आपल्यापासून तुटत चालली, ही गोष्ट आजीच्या जिवाला लागली. नात दुपारी अमुक एका खेळात रमते असे कळताच तिने दुकानाच्या संगणकावर तोच खेळ उघडला.

तुम्ही कोण होणार, असे खेळाने विचारले. नाजूक पऱ्या होत्या, पाठीवर ढाल घेतलेली कासवमाणसे होती. आजीने चष्मा सावरून एकेकाला निरखले आणि माझ्यावर बोट ठेवले.

“ही एकटीच ताठ उभी आहे,” म्हणत ती मला कपडे निवडू लागली.

“अहो अक्का,” काउंटरवरून तिची धाकटी जाऊ म्हणाली, “गिऱ्हाईक ताटकळलंय, आणि तुम्ही राक्षसिणीला सदरे कसले दाखवताय?”

“मग काय, उघडी पाठवू तिला चारचौघांत?”

अशी मी सदरा घालून नदीच्या पुलावर पोहोचले. समोर पंख मिटून एक परी बसली होती. तीच भिंगरी; आपण खेळात येतोय हे आजीने तिला आधीच कळवले होते. ती काहीतरी बोलली. आमच्या खेळात बोललेले डोक्यावरच्या ढगात उमटते. तिच्या ढगात मला दिसल्या त्या नुसत्या मुंग्या, शाईत पाय बुडवून पळालेल्या! राक्षसिणीला पऱ्यांची भाषा येत नाही, आणि सर्वांना कळेल अशी एक भाषा आमच्या खेळात नाहीच.

लगेच फोन वाजला. “आजी, राक्षसीण कशाला झालीस गं? पुसून टाक तिला. परी हो, म्हणजे लगेच कळेल.”

“घरात आणलेलं माणूस मी पुसून टाकत नाही.”

मित्रांनो, ते वाक्य मी अजून सुळ्यांइतके जपून ठेवले आहे.

“मग शिकावी लागेल,” भिंगरी कुरकुरली. “जवळ बसून कुणी बोलत राहिलं तरच येते. फार हळू येते. आणि मी बोलू तरी काय?”

“काहीही बोल. नाहीतरी मला कळणार नाहीच.”

तेव्हापासून रोज दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की आम्ही पुलावर बसू लागलो. परी बोले, मी ऐके. आधी ती कंटाळून बोलत असावी. पुढे तिचे ढग लांबत गेले, एकात एक मिसळू लागले. आपल्याला काडीचेही कळत नाही अशा माणसासमोर मन किती मोकळे होते, ते मी तेव्हा पाहिले. एके दिवशी मुंग्यांच्या गर्दीतून एक शब्द स्वच्छ उमटला: ‘आणि’. आजी हरखली. “डोळे तपासताना एकेक भिंग बदलतो ना, तसंच आहे हे,” ती जावेला म्हणाली. “एक ओळ दिसली, की खालची दिसणारच.” हळूहळू ‘मी’ आला, ‘पाऊस’ आला, ‘शाळा’ आली. बाकी धूसरच होते.

आणि एका दुपारी, मधली दोनचार भिंगे वगळून एकदम नेमके भिंग बसावे तसा अख्खा ढग वाचता आला.

‘नव्या शाळेत डबा मी एकटीच खाते. आईला सांगितलं तर ती रडेल. आजीला सांगायचं होतं, पण ती फोनवर मार्क विचारते आणि ठेवून देते.’

आजीने तो ढग दोनदा वाचला. गप्प राहून पुढचे ऐकता आले असते. पण चोरून ऐकणे त्या दुकानात कुणाला शिकवलेलेच नव्हते. तिने फोन उचलला. “भिंगरे, थांब. मला आता सगळं कळतं.”

परी पुलावरून नाहीशी झाली. पऱ्यांना ती विद्या अवगत असते. आम्हा राक्षसांना डरकाळी फोडणे, छाती पिटणे आणि नाचणे, एवढेच येते. त्यांतले एकही त्या वेळी उपयोगाचे नव्हते.

पुढे बरेच दिवस पूल रिकामा राहिला. भिंगरी फोनवर येईना. आजी मात्र दुपार चुकवीना. मला पुलावर उभी करी आणि राक्षसी भाषेत बोलत बसे. नवी सून म्हणून ती या दुकानात आली तेव्हाची हकीकत. भिंग घासायला दिले आणि तिने काठच उडवला. सगळे हसले. मग कितीतरी दिवस ती यंत्रामागे भिंतीकडे तोंड करून जेवत असे.

“अक्का, कुणाशी बोलता?” जावेने विचारले. “तिथं तर चिटपाखरू नाही.”

“नसू दे. बोलल्याशिवाय कुणाला भाषा येत नाही. ती माझ्यापाशी बोललीच ना इतके दिवस? आता माझी पाळी.”

आणि मित्रांनो, तेवढ्यात माझ्या खांद्यालगतच्या रिकाम्या हवेत एक ढग उमटला. पऱ्यांचा नव्हे. आमच्या भाषेतला, तोडकामोडका, बोबडा.

‘आजी. पुढे काय? तू जेवण एकटी. मग कोण आलं?’

परी कुठेही गेली नव्हती. रोज माझ्या खांद्यावर अदृश्य होऊन बसत होती आणि ऐकता ऐकता राक्षसी शिकत होती! आजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग काउंटरकडे मान वळवून म्हणाली, “कोण आलं ते तूच सांग गं तिला.”

“मी आले!” धाकटी जाऊ ओरडली. “माझा डबा घेऊन आले यंत्रामागं! आणि तुम्ही काय म्हणालात? ‘आधी हात धू!’”

त्या दिवशी मी नाचले. सोटा फेकून, पूल हादरेपर्यंत नाचले. आणि आता फोनवर, मार्कांचे नाव निघायच्या आतच, भिंगरी आजीची दुपार खाऊन टाकते.

भिंगरीने परवा वर्गातली एक मुलगी आमच्या पुलावर आणली. दोघी आता डबा एकत्र खातात. ती मुलगी खेळात कासवमाणूस झाली आहे, आणि तिचे बोलणे आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. परीने मला हळूच विचारले, “आता काय करायचं?”

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात कुणाच्या डोक्यावर नुसत्या मुंग्या दिसतील. त्या माणसाला पुसून टाकू नका. जवळ बसा, ऐका, आणि आपणही बोला. आम्ही तेच करतो आहोत. कासवाची भाषा फार सावकाश येते. मला अजून एकच शब्द आला आहे.

‘आणि’.