रिकामी यादी

यादी रिकामी आली, तर तो कोड कुणी वापरत नाही. काढता येतो.

लाल बटण, वायरला लटकणारं, उशाशी.

दोनशे शब्दांत बसवा. वर एक नको.

चहाच्या कपात पडलेली पेनाची टोपी.

तीन वाजता.

दोन वाजून बारा मिनिटांनी मास्तरीणबाईंनी ती टोपी कपातून काढली, पदराला पुसली आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. यादी अजून रिकामीच होती.

मास्तरीण हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. बावीस वर्षं इंजिनिअरांचं ओबडधोबड लिखाण सरळ करून त्या माहितीपुस्तिका लिहीत आल्या. आधी माणसांसाठी, आता एजंटांसाठी, म्हणजे स्वतःच कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. कंपनीचा सगळा कोड रेपॉझिटरी नावाच्या गोदामांत साठवलेला. त्यातला कुठला तुकडा कोण वापरतं, याची यादी काढून देणारं एक टूल होतं. ते कसं वापरायचं आणि उत्तर आल्यावर काय करायचं, ते सांगणारं पान बाईंचं. एजंट प्रत्येक वेळी ते पान वाचत आणि मुकाट पाळत.

सकाळपासून असाच एक एजंट साफसफाई करत होता. कुणी वापरत नाही अशा एकेचाळीस फाइली त्यानं वेगळ्या काढल्या होत्या. तीनला त्या जाणार, चारला नवा प्रोग्रॅम सगळ्या वृद्धाश्रमांत पोचणार. कंपनी वृद्धाश्रमांना उशाशी बटण दाबलं की वाजणाऱ्या घंटा पुरवायची.

सतरावी फाइल: घंटा वाजूनही कुणी आलं नाही, तर ती पुन्हा वाजवणं.

ही कुणी वापरत नाही? कसं शक्य आहे?

बाई उठून दाढीवाल्याच्या टेबलाशी गेल्या. टूल त्यानं बनवलं होतं.

"काय रे, तुझं टूल जुन्या घंटांच्या कोडच्या गोदामात बघतं ना?"

"छे. त्याला तिथं शिरायची परवानगीच नाही, तिथं कुणी वापरत असलं तरी यादी रिकामीच येते. म्हणून तर मी ती ओळ घातली होती."

"कुठली?"

"'पण काढण्याआधी थांबा आणि एकदा माणसाला विचारा.' आहे ना पानावर?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. दाढीवाल्याचा हात दाढीतच थांबला.

पान दोनशे सात शब्दांचं झालं होतं. सात शब्द कमी करायचे होते. ओळ नेमकी सात शब्दांची निघाली, तेव्हा बाईंना मनातून बरंसुद्धा वाटलं होतं.

दोन एकतीस. टीमचा प्रमुख, म्हणजे लीड, काचेच्या खोलीत मीटिंगमध्ये. बाईंनी काचेवर टकटक केली. त्यानं आतून पंजा दाखवला: पाच मिनिटं. फोन वाजला. दादा, बाईंचे वडील.

"जेवलीस का?"

"दादा, कामात आहे."

"तू कधी नसतेस? मशिनींसाठीच लिहितेस ना अजून? वाचतात तरी का त्या?"

"शब्द न् शब्द वाचतात."

"चला! तुझं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी भेटलं एकदाचं." ते हसले, मग बराच वेळ खोकले.

"ठेवते, दादा."

दोन एक्केचाळीस. बाईंनी दार ढकललं.

"साफसफाई थांबवा."

"बाई, चारला नवा प्रोग्रॅम गेला नाही तर वरचे माझा जीव खातील."

"म्हाताऱ्यांची घंटा दुसऱ्यांदा वाजायची नाही. आत्ता थांबवा."

लीडनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लॅपटॉप ओढला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. बाई त्याच्या बोटांकडे बघत उभ्या. दोन त्रेपन्नला तो म्हणाला, "थांबली."

मग सगळं ऐकून घेऊन त्यानं दार लोटलं.

"टूल चुकलं, असं अहवालात लिहितो. तुमचं कंत्राट वाढवायचा कागद आज संध्याकाळीच वर जायचाय, आणि नेमकं आज हे!"

"म्हणजे दाढीवाल्याच्या माथी."

"तरुण आहे तो. निभावून नेईल."

"टूल चुकलं नाही. ओळ मी खोडली."

"तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही. मीच सांगतेय."

"दोनशे शब्दांची अट माझी होती, बाई," तो हळूच म्हणाला.

"अट तुमची. खोडायचं काय, ते मी ठरवलं."

जागेवर येऊन बाईंनी ती ओळ परत घातली. दोनशे सात शब्द. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत त्यांनी लिहिलं: 'ही ओळ मी काढली होती. चूक माझी.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, जे ऑफिसात कुणीच घेत नसे. सुटायच्या वेळी कप धुतला आणि कपाटात न ठेवता पिशवीत टाकला. कंत्राट पुढे वाढलं नाही.

मागच्या हिवाळ्यात वृद्धाश्रमातल्या खाटेवरून उतरताना दादा पडले होते. बटण त्यांना एकदाच दाबता आलं. घंटा तीनदा वाजली होती.