हिलरीच्या शेजारची जागा

माणसाला शेजाऱ्याचा हेवा वाटतो, भावकीचा वाटतो, साडूचा तर वाटायलाच पाहिजे. पण स्वतःच्या बायकोचा? भाऊरावला तो वाटत होता, आणि असा वाटत होता की ताटातली भाकर गोड लागत नव्हती.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. गावात मधमाश्यांची पहिली पेटी आणली ती भाऊरावनं. तेव्हा लोक फिदीफिदी हसले होते. "मोहोळाले पेटीत कोंडून राह्यला बे हा," म्हणत होते. गडी शिकून आला, सातेरी जातीच्या माश्यांचं पोळं ओंजळीत धरून पेटीत बसवू लागला, डसून डसून डोळे सुजले तरी हटला नाही. हे सगळं खरं, कोणी नाकारत नव्हतं. पण पेट्या वाढल्या तशी बायको बेबीताई मदतीला आली, आणि तिथंच गणित फिरलं. तिच्या हाताला काय होतं कोण जाणे! धुराडं न पेटवता ती चौकट उचलायची, माश्या मनगटावर फिरून पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. भाऊरावला मात्र अजूनही अधूनमधून प्रसाद मिळायचाच. मग बाया तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या, मोबाईलवर तिचे व्हिडिओ फिरू लागले, आणि लोक म्हणू लागले 'बेबीताईचा मध'. भाऊरावचा मध असं कोणी चुकून म्हणेना. नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय!

त्यात शाळेच्या शैलजा मॅडमनी शाळेची भिंत रंगवायला काढली. मॅडम शेगावहून येऊन-जाऊन करायच्या, उत्साही बाई. त्यांच्या मनात आलं की गावात इतक्या पेट्या आहेत, तर जगात कोणकोणत्या थोरामोठ्यांनी मधमाश्या पाळल्या ते शाळेच्या भिंतीवर रंगवावं. चित्रं काढायला गावातला धम्मदीप होताच. विहारातला बुद्ध त्याचा, चौकातले बाबासाहेबही त्याचेच. पण परदेशी माणूस त्यानं आधी कधी रंगवला नव्हता. त्यामुळे वाटाण्यावाला मेंडेल थेट आमच्या जुन्या तलाठ्यासारखा दिसू लागला, आणि फुटबॉलवाला बेकहॅम संग्रामपूरच्या बाजारात टरबूज विकणाऱ्यासारखा. सिनेमातला मॉर्गन फ्रीमन तेवढा झकास उतरला. शेवटी एव्हरेस्टवाला हिलरी, आणि त्याच्या शेजारी एक चौकट मोकळी ठेवलेली. खाली मॅडमनी आधीच लिहून घेतलं होतं, 'आपल्या गावचे मधपाळ'.

भाऊराव रोज संध्याकाळी पाय मोकळे करायच्या निमित्तानं त्या भिंतीपाशी जायचा. मेंडेलबद्दल त्याची तक्रार नव्हती, बेकहॅमबद्दल तर नव्हतीच. पण हिलरीपाशी तो थांबायचा. हिलरी आणि त्याचा भाऊ दोघं मिळून माश्या पाळायचे, हे मॅडमनीच सांगितलं होतं.

"मंग मॅडम, भावाचं चित्र काऊन नाही काढलं?" त्यानं एकदा विचारलं.

"अहो, एव्हरेस्टवर हा गेला ना, भाऊरावजी."

"हाव, हा गेला. पण हा तिकडे बरफात चढून राह्यला होता तं इकडे पेट्या कोणं पाह्यल्या? त्याले कोणी इचारत नाही."

मॅडम हसल्या. त्यांना काय ठाऊक, हा माणूस कोणाच्या भावाची कड घेऊन बोलतो आहे ते.

रविवारी भिंतीचं उद्घाटन होतं. मोकळ्या चौकटीत बेबीताईच येणार, यात गावाला शंका नव्हती. शेजारची आशाबाई तर तिला नळावर चिडवायची, "फोटूत डोक्यावर पदर घेशील का टोपी?" बेबीताई नुसती हसायची. हे हसणं भाऊरावच्या काळजात रुतायचं. एके दुपारी तो घरी आला तर धम्मदीप ओसरीवर बसलेला, बेबीताई त्याच्याशी हळू आवाजात बोलते आहे आणि खाटेवर फोटोंचा अल्बम उघडा. तो दिसताच तिनं अल्बम मिटला.

"काय चाल्लं?"

"काई नाही. जुने फोटो पाहून राह्यलो होतो."

"तुह्यं चित्र काढून राह्यले म्हणे भिंतीवर?"

"पाह्यजा ना रविवारी," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच हसू.

"काढू दे, काढू दे. चांगलंच हाये," भाऊराव म्हणाला. तोंड असं की आत्ताच कारल्याचा रस पिऊन उठलाय. त्या रात्री तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. पेटी मी आणली. डसून मी घेतलं. लोकांचं हसणं मी सोसलं. आणि हिलरीच्या शेजारी ही? एकदा तरी विचारलं का कोणी मला? आणि खरं दुखणं हे होतं की हिनंही विचारलं नाही.

रविवारी सकाळी जे झालं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

पेटीजवळ जाताना केळं खायचं नाही, हा नियम. डिवचलेली माशी जो वास सोडते ना, तो केळ्यासारखा असतो. तो आला की बाकीच्या समजतात, हल्ला झाला, आणि तुटून पडतात. आमच्या भागात केळीच्या बागा, घराघरात घड लटकलेले, म्हणून शिकायला आलेल्या बायांना भाऊराव पहिल्याच दिवशी ही गोष्ट बजावून सांगायचा. आणि पेटीवर काम करताना बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. बेबीताईचाही तसा एक होता, निळ्या रेघांचा, भाऊरावनंच वापरून सोडलेला. कार्यक्रमात गावासमोर ती पेटी उघडून दाखवणार होती, म्हणून तो धुऊन खुंटीला लावला होता. बेबीताई अंघोळीला गेली तेव्हा भाऊरावनं एक पिकलं केळं सोललं आणि त्याची साल सदऱ्याच्या कॉलरला आतून घासली. मग बाह्यांना घासली.

दोनतीन डसल्या तर काय मरते थोडीच, असं त्यानं मनाला समजावलं. गावासमोर एकदा हात झटकत पळाली पाहिजे, बस. अरे गाढवा! माशी काय तुझं ऐकून मोजून डसणार होती?

शाळेच्या आवारात निंबाखाली पेटी ठेवलेली. सगळं गाव जमलं होतं, बुलडाण्याहून एक साहेब आले होते. मोकळ्या चौकटीवर चादर टांगलेली. शैलजा मॅडमनी माईकवर बेबीताईचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. भाऊराव पहिल्या रांगेत बसला होता.

बेबीताईनं सदरा उचलला, एक हात बाहीत घातला आणि थांबली. कॉलर नाकाजवळ नेली. मग तिनं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं नाही, सरळ भाऊरावकडे पाहिलं. तशीच चालत त्याच्यापुढे आली.

"घालू?" तिनं हळूच विचारलं.

भाऊराव बुलडाण्याच्या साहेबांकडे पाहू लागला.

"सांगा ना. तुमी म्हणान तं घालतो. घालू काय?"

लोकांना वाटलं, बाई नवऱ्याची परवानगी घेते आहे. कोणी तरी मागून कौतुकानं "वा!" सुद्धा म्हटलं. भाऊरावच्या तोंडून ना हो निघालं, ना नाही. नाही म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. तेवढीही त्याला जमली नाहीत.

तिनं बाहीतून हात काढला, सदऱ्याची घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "धरा," म्हणाली. नळावर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, पदर कानामागून घट्ट खोचला आणि पेटी उघडली. एक माशी मनगटाला डसलीच. बेबीताईनं नखानं नांगी खरवडून टाकली, वास दबावा म्हणून शेजारी ठेवलेल्या धुराड्याचा थोडा धूर त्या जागेवर दिला आणि चौकट वर उचलून राणीमाशी दाखवली. आवाज चढला नाही की हात हलला नाही. साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मग चादर ओढली.

हिलरीच्या शेजारी भाऊराव होता. तरणा, भरघोस मिश्यांचा, हातात पहिली पेटी. 'आपल्या गावचे मधपाळ'च्या खाली आता लिहिलेलं, 'भाऊराव, गावात मधमाशी आणणारे'.

"अवो काका!" धम्मदीप ओरडला. "काकू म्हणे, माह्यं काढशील तं म्या पेटीच उघडणार नाही! लपून फोटो देल्ला मले."

लोकांनी भाऊरावला ओढत भिंतीपाशी नेलं. गळ्यात हार पडला. हातात तो सदरा होता, तो ठेवायचं भानच त्याला राहिलं नाही. उघड्या पेटीतल्या पाचसहा माश्या वासानं आल्या आणि त्याच्याभोवती घोंगावू लागल्या. "पाह्य, माश्याइलेबी मालक समजते!" आशाबाई म्हणाली आणि सगळं गाव खळखळून हसलं. एक कानाच्या पाळीला डसली, एक मानेला. भाऊराव हात झटकू शकला नाही. फोटो निघत होते. तो हसला.

दुपारी घरी बेबीताईनं रोजच्यासारखं ताट वाढलं. तिनं भांडावं, ताट आपटावं, आईबापाचा उद्धार करावा म्हणून तो वाट पाहत बसला. शेवटी तोच म्हणाला, "धम्मदीपले सांगतो. पुसून टाक म्हणतो ते चित्र."

"कायले? राहू द्या. लोकाइले काय माहीत हाये."

"तुले माहीत हाये ना."

"हाव. मले माहीत हाये."

"माह्यं चुकलं, अवं. मले वाटलं तू..."

"काय वाटलं? मी तुमची जागा घेईन?" आता कुठं तिचा आवाज कापला. "मागतली असती तं सगळी देल्ली असती तुमाले. मागाले तोंड होतं ना?"

 भाऊराव उठला, स्वयंपाकघरात गेला. लग्न झाल्यापासून चुलीचं तोंड न पाहिलेला माणूस, पण त्यानं दूध शोधलं, पत्ती शोधली, दोनदा उतू घालवून एकदाचा चहा केला. कप बशीत ठेवून तिच्यापुढे धरला.

बेबीताईनं कप घेतला. ओठाला लावायच्या आधी नाकाजवळ नेला, वास घेतला, आणि मग प्यायली.