शेवटच्या वळणावरचं गवत

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. मुठीएवढा, पण पाऊण किलोहून जड. मला घडवताना जेरोम लोहार म्हणाला होता, "मिजास करू नकोस. तुला फेकतो एक, पण वाट दाखवतो दुसराच. त्याला जप." मी ते कानाआड केलं. लोखंडाला कुणाला जपायची काय गरज?

मित्रांनो, रविवारची प्रार्थना आटोपली की आमचं अख्खं गाव रस्त्यावर येतं. कमी फेकींत जो गोळा पुलापर्यंत नेईल, तो जिंकला. मी हॅना क्रोलीच्या हातचा. ती धावत येऊन हात गरकन फिरवी आणि मी सुसाट सुटे. शेवटच्या वळणावर, आपल्या घरापाशी, फिनबारकाका पाय फाकवून उभे असत. नेम कळावा म्हणून ते रस्त्यावर गवताचा पुंजका ठेवत. मी त्यावर आदळून अलगद वळे. लोक मात्र थोपटत मलाच.

शेजारच्या गावाशी सामना होता त्या दिवशी बरोबरी झाली. फक्त ते वळण उरलं. तिथे काका नव्हते. गवत दुसऱ्याच कुणी ठेवलेलं. हॅना फेकता फेकता थांबली.

"हात गळाला का, हॅना?" पलीकडच्या गावचा कॉन हसला. "की म्हाताऱ्याशिवाय रस्ता दिसत नाही?"

"नाही दिसत. एकवीस वर्षांत ते एकदाही इथे यायचे चुकले नाहीत."

"अगं, सर्दी झाली असेल," मागून कुणी म्हणालं. "आत्ता गेलीस तर डाव गेला समज."

"जाऊ दे." तिने मला कोटाच्या खिशात टाकलं आणि ती धावली.

काका कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडले होते. पाय सुजून भोपळा झालेला, मुठीत उपटलेलं गवत.

"पुढे कोण आहे?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"आता कॉनच. मी डाव सोडून आले. तुम्ही गप्प पडा."

"गप्प काय? माझ्या जागी उभ्या गाढवाने गवत उजवीकडे ठेवलं असणार."

मागोमाग आलेल्या कॉननेच त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून घरात नेलं. "डाव आमचा," तो धापा टाकत म्हणाला, "म्हातारा तुम्हीच ठेवा. फार जड आहे."

आम्ही हरलो, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळे हसत होते.

आता मी काकांच्या खिडकीत असतो. अंगावर गंज चढलाय. तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल, पण त्याची घाई नाही. मित्रांनो, तुमच्या रस्त्यावर रोज दिसणारं एखादं माणूस आज दिसलं नसेल, तर आधी जाऊन त्याचं दार वाजवा.