कडेची बाई

“ही कडेची बाई तेवढी काढून टाका,” चारुतानं फोटोवर बोट ठेवलं. “मांडवाच्या खांबापाशी उभीय ना, ती. आमच्या घरातली नाही.”

चारुताच्या सासूसासऱ्यांच्या, अनसूयाबाई आणि अनंतरावांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. तिला त्या लग्नाच्या फोटोचं कार्ड हवं होतं, उघडलं की माणसं उभी राहतील असं. ते करावं तर उस्मानपुऱ्यातल्या करुणाताईंनीच. तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बांधलेली ही बाई. जाड पुठ्ठाही तिच्या हातात मुकाट्यानं वाकायचा.

करुणाताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कडेच्या बाईचा अर्धाच चेहरा आला होता. पदर कमरेला खोचलेला, हातात कुऱ्हाड.

“लग्न कन्नडला झालं का?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“ही माझी आई हाय. सत्यभामा. तुमच्याकडं लग्नाची लाकडं फोडायला गेली व्हती. येताना पदरात बुंदी बांधून आणली, ती मी खाल्लीय.”

चारुताला कुठं पाहावं कळेना. “मग राहू द्या ना त्यांना, ताई.”

“नको. कार्ड तुमच्या घरचंय, तुम्ही म्हणता तसंच करते. मला फक्त एक प्रत काढून घेऊ द्या.”

मूळ फोटोला कात्री लावायची नाही, हा ताईंचा नेम. शहागंजातून त्या रंगीत प्रती काढून आणत. या वेळी दोन आणल्या. पहिलीतलं वऱ्हाड एकेक करून कापलं, प्रत्येकामागं काड्यापेटीचा पुठ्ठा चिकटवून उभं केलं. खांबापाशी कात्री थांबली. मग ताईंनी ठरल्याप्रमाणे आईला वगळलं. वाईट वाटलं, फार वाटलं, पण शब्द दिला होता.

दुसरी प्रत अतुलसाठी होती. हा धाकटा भाऊ कन्नडला एसटीत कंडक्टर. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता. “आई कशी दिसायची?” असं त्यानं विचारलं की ताई म्हणायच्या, “तुझ्यासारखीच.” खरं तर तो चेहरा त्यांच्याही मनात केव्हाच पुसट झाला होता; फोटोतली आईही त्यांनी ओळखली ती खोचलेल्या पदरावरून आणि कुऱ्हाडीवरून. पोराचं रडं थांबवायला बोललेलं वाक्य त्यांनी इतकी वर्षं तसंच चालवलं. आता ते खोटं ठरेल, याची त्यांना धास्ती वाटत होती.

रविवारी अतुल आला. ताईंनी जाड हातकागदाचं कार्ड पुढं केलं. फोटो जिथं संपत होता, नेमकी तिथंच कार्डाची घडी होती. डाव्या पानावर आई उभी राहिली; उजवं पान कोरं होतं.

अतुलनं कार्ड दोन्ही हातांत घेतलं.

“अर्धीच हाय रे,” ताई म्हणाल्या.

“लई झाली.”

तो उठून बेसिनवरच्या आरशापुढं गेला. कार्ड गालाशी धरलं, दुसऱ्या हातानं स्वतःचा अर्धा चेहरा झाकला आणि तसाच उभा राहिला.

“ताई, इकडं ये. बघ.”

करुणाताई त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा ओला झाला होता, पण त्यांनी आधी आरशात पाहिलं. तीच भुवई, तोच ओठाचा कोपरा.

“सांगत व्हते ना तुला,” त्या म्हणाल्या.