ड्रायव्हरचं नाव

मला राग लवकर येतो, हे पनवेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षं कुवेतमध्ये ट्रेलर चालवला, परत येऊन स्वतःचा एक ट्रेलर घेतला आणि तीन वर्षांत चार क्लीनर घालवले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते पळाले, माझ्या म्हणण्याप्रमाणे मी त्यांना हाकललं. माझी बायको कुबरा म्हणते, "तुमच्या हाताखाली फरिश्ता दिला तरी आठवड्यात पंख आवरून निघून जाईल."

२०१२ साली माझ्या गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरने गाडी चालवायची नाही असं ठणकावून सांगितलं आणि त्याच आठवड्यात दादू दारात उभा राहिला. दादू उरणकडच्या कोळीवाड्यातला, वय एक्केचाळीस. हातात नवं कोरं हेवी लायसन.

"अमजदभाई, ड्रायवर पायजे ना तुमाला? मी हाय."

"या वयात? होडीचं काय झालं?"

"खाडीत जालं टाकून काय मिलत नाय आता. होडी धाकट्याला दिली. आता रोडवर जाईन म्हटलं."

मी त्याला अट घातली. एक महिना मी शेजारी बसणार. महिन्याच्या शेवटी तळोज्याहून द्रोणागिरीच्या यार्डापर्यंत रिकामा कंटेनर घेऊन जायचा, तो उतरवायचा आणि परत यायचं. त्या दिवशी एक जरी चूक झाली तरी काम संपलं. नाही झाली तर गाडी त्याच्या ताब्यात आणि मी घरी. दादूने मान डोलावली. कोळीवाड्यात लोक त्याला आधीच हसत होते, हे मला नंतर कळलं. चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हरकी शिकायला निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जाणं किती जड गेलं असतं!

पहिल्या दिवशी त्याची बायको सोनाबाई कळंबोलीच्या नाक्यापर्यंत आली. तिने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला आणि मला म्हणाली, "भाई, वरडा पन शिकवा."

मी दोन्ही केलं.

खरं सांगायचं तर शिकवायला फार नव्हतंच. ट्रेलर रिव्हर्स घेणं भल्याभल्यांना वर्षभर जमत नाही, कारण स्टीयरिंग एकीकडे फिरवायचं आणि मागचं धूड दुसरीकडे जातं. दादूला ते चौथ्या दिवशी जमलं. मी चकित झालो, पण तोंडावर दाखवलं नाही. "यात काय हाय," तो म्हणाला, "सुकाणूचा दांडा पन तसाच. हात इकडं, होडी तिकडं."

माझं डोकं फिरायचं ते त्याच्या लॉकच्या नादामुळे. कंटेनर ट्रेलरवर चार कोपऱ्यांत चार लॉकनी धरलेला असतो. क्रेनने उचलायच्या आधी चारही उघडायची. एक जरी बंद राहिलं तर कंटेनरबरोबर ट्रेलरही वर जातो, केबिनमध्ये माणूस असेल तर त्याच्यासकट. तर हा दादू चारही लॉक उघडायचा आणि मग पुन्हा गाडीला फेरी मारून एकेका लॉकच्या दांड्यावर तळवा ठेवून यायचा.

"अरे, दिसतंय ना उघडं आहे ते!" मी केबिनमधूनच ओरडायचो.

"दिसतं भाई. पन होडीची गाठ आमी हातानं बघतो, डोल्यांनी नाय."

शेवटचा दिवस उजाडला. तळोजा, कळंबोली, जेएनपीटीचा रस्ता, सगळीकडे दादूने गाडी अशी नेली की मला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. मला आयुष्यात इतका त्रास कधी झाला नव्हता. अकराच्या सुमारास आम्ही द्रोणागिरीच्या यार्डात शिरलो. आमच्या मागे सात-आठ ट्रेलर उभे होते, ऊन तापलं होतं आणि मागचे हॉर्नवर हॉर्न देत होते.

दादू उतरला आणि त्याने लॉक उघडली. मग त्याची ती फेरी सुरू झाली. मागच्याने पुन्हा हॉर्न दाबला आणि माझा संयम संपला. गुडघा धरत मी खाली उतरलो आणि डाव्या बाजूने थेट मागच्या कोपऱ्याशी गेलो. बघतो तर तिथल्या लॉकचा दांडा आत ढकललेला! म्हणजे बंद! खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंच वाटलं. महिनाभर तळवे ठेवत फिरला आणि ऐन परीक्षेत सापडला.

"दादू!" मी सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा ओरडलो. "हे काय आहे? हे उघडं आहे?" आणि मीच दांडा खसकन बाहेर ओढला.

दादू धावत आला. "भाई, मी उघडला व्हता तो."

"मला शिकवतोस? तुझी होडी पाण्यात होती तेव्हापासून ट्रेलर चालवतोय मी. चढ केबिनमध्ये!"

"एकदा हात लावून बघतो."

"मी लावला ना हात! चढ म्हणतो ना!"

क्रेन आली, तिचे पंजे कंटेनरवर उतरू लागले. दादूने पायरीवर एक पाय ठेवला. मग तो पाय त्याने खाली घेतला. माझ्या डोळ्यांदेखत, मी नको नको म्हणत असताना, तो क्रेनच्या समोर जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. क्रेन थांबली. क्रेनवाला वरून शिव्या देऊ लागला. दादू मागे गेला आणि मी ओढलेला दांडा त्याने परत आत ढकलला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुवेतला माझ्या गाडीचा दांडा बाहेर ओढला की लॉक उघडायचं. इथे नेमकं उलटं होतं. पण इथे आल्यापासून मी लॉकला कधी हात लावलाच नव्हता, ते क्लीनरचं काम, मालकाने कशाला वाकायचं! माझ्या हाताला कुवेतची वीस वर्षांची सवय आठवली आणि दादूने उघडलेलं लॉक मी बंद केलं. तो माझं ऐकून केबिनमध्ये बसला असता तर गाडीसकट वर गेला असता.

सुपरवायझर वही घेऊन आला. "कोणाचं लॉक राहिलं होतं?"

दादूने माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला सगळे ड्रायव्हर जमले होते, त्यातले निम्मे मला ओळखणारे. "माजा रायला व्हता साहेब," तो म्हणाला. "चूक झाली."

"नवा आहेस का? तीन महिने यार्डात यायचं नाही. नाव सांग."

"दादू..."

एक चूक म्हणजे काम संपलं, ही माझीच अट. त्याला ती पाठ होती. तरी तो आपलं नाव द्यायला निघाला होता, माझी लाज राहावी म्हणून. मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली.

"थांब," मी म्हणालो. आवाज नेहमीचाच, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा. "लिही, अमजद मुकादम. त्याने लॉक उघडलं होतं, मी बंद केलं. तो सांगत होता आणि मी ऐकलं नाही. क्रेन थांबवली ती त्याने."

मागे कोणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले. सुपरवायझरने माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "चाचा, तुम्हाला बंदी. मग गाडी बाहेर कोण काढणार?"

"ड्रायव्हर काढेल. हा काय उभा आहे. दादू कोळी."

कंटेनर उतरला. दादूने गाडी वळवली. फाटकाबाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "भाई, तुमचा नाव कशाला दिलात? माजाच लिवू द्यायचा व्हता."

"गप. समोर बघून चालव," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

पळस्प्याच्या अलीकडे कुबराचा फोन आला. "काय झालं? दादू पास झाला का?"

"तो झाला," मी सांगितलं. "मी नापास."