गार्साइडबाईंचा लॅटिन कोश

मी एक जुना लॅटिन-इंग्रजी शब्दकोश आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझं कापडी वेष्टन गडद निळं होतं आणि पानांना ताज्या शाईचा वास होता. यॉर्कशायरमधल्या एका गिरणीगावात, मुलींच्या शाळेत मी आलो आणि गार्साइडबाईंच्या टेबलावर माझं बस्तान बसलं. बाई लॅटिन शिकवत. मुलींना त्यात फारसा रस नव्हता. मॉरीन ऑग्डनला तर मुळीच नव्हता. तिच्या वडिलांचं फिश अँड चिप्सचं दुकान होतं.

"बाई, आमच्या दुकानात लॅटिनमधून कुणी मासा मागत नाही," ती एकदा म्हणाली. वर्ग खिदळला.

बाई रागावल्या नाहीत. "इकडे ये. माझ्या डोळ्यात बघ. काय दिसतं?"

"मीच दिसते. एवढीशी."

"बाहुलीएवढी. लॅटिनमध्ये छोट्या बाहुलीला म्हणायचे पुपिल्ला. म्हणून डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण प्यूपिल म्हणतो. आणि विद्यार्थिनी म्हणून तुला प्यूपिल म्हणतो, तेही त्याच घराण्यातलं. बस आता खाली, बाहुले."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुली एकमेकींच्या डोळ्यांत डोकावत फिरल्या. मॉरीनला 'बाहुली' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ती चिडायची, पण शाळा सुटल्यावर मागे रेंगाळून मला चाळायची, हे फक्त मला ठाऊक होतं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि शाळेने लॅटिन बंद केलं. खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत बसवलं. पावसाने पानं फुगली, वेष्टनाचा रंग गेला. शेवटी जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका खोक्यात पडलो. तिथून मला उचललं मॉरीनने. आता दुकान तीच चालवत होती. व्हिनेगरच्या बाटल्यांशेजारी तिने मला जागा दिली.

त्याच वर्षी हिवाळ्यात बाईंना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. जन्मभर शब्द वाटणाऱ्या बाईंना पाणीसुद्धा मागता येईना.

दुपारी दुकान बंद असलं की मॉरीन मला पिशवीत घालून त्यांच्याकडे जाऊ लागली. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायची. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

"कशाला त्रास घेतेस?" बाईंची भाची हिल्डा म्हणाली. "तिला आता काही कळत नाही गं."

"शाळेत माझं लॅटिन त्यांनी कधी निमूट ऐकून घेतलं नाही," मॉरीन म्हणाली. "आता ऐकू देत."

पण जिन्यावर आली की ती डोळे पुसायची.

मार्चमध्ये आम्ही 'एम'पर्यंत पोचलो. एका हाताने मला धरून दुसऱ्याने ती बाईंचा दंड चोळत होती.

"बाई, ऐका. मसल, म्हणजे स्नायू, लॅटिनमध्ये छोटा उंदीर. कातडीखाली पळतो ना, म्हणून. तुमचा उंदीर झोपलाय. उठवा त्याला. हे बघा, मस्क्युलस," तिने इंग्रजी वळणाने उच्चार केला.

बाईंनी मान वळवली. ओठ हलले. बराच वेळ नुसता श्वासच बाहेर आला.

"मूस... मूस्कुलुस."

मॉरीनच्या हातून मी खाली पडलो. माझा कणा मोडला तो तेव्हा, आणि त्याचं मला जराही दुःख नाही.

"बाई, परत म्हणा."

"तू म्हण," बाई अडखळत म्हणाल्या. "नीट."

मित्रांनो, बाईंचे सगळे शब्द काही परत आले नाहीत. हातही अधूच राहिला. तरी दुपारचं वाचन अजून चालू आहे. सध्या आम्ही 'एस'वर आहोत. तुमच्याही घरात एखादा जाडजूड कोश धूळ खात असेल, एखादं वयस्क माणूस गप्प बसून असेल. त्यांच्यापाशी जरा बसा, मोठ्याने वाचा. चुकीचं वाचलंत तरी चालेल. चूक सुधारायला आत कुणीतरी जागं असतं.